गुळाचं पारडं

रत्नागिरी
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्ये,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण मला वाकलं की दम लागतो असं आई सगळ्यांना सांगत सुटलीय. म्हणून उभ्याउभ्याच नमस्कार घे.

फोन केला नाही, कारण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी इथून ओरडायचं, तू तिथून "काय गो? काय?" करायचं आणि शेवटी स्पीकर लावून अख्ख्या वाडीने ऐकायचं. ही गोष्ट वाडीने ऐकण्यासारखी नाही. आणि पोस्टात नोकरी करणाऱ्या मुलीने तरी पत्र लिहावं की नाही?

साखरपुडा छान झाला. तुझा गुडघा बरा असता तर तू आली असतीस आणि अजिंक्यला बघितलं असतंस. देवरूखचा आहे, तिथल्याच कॉलेजात शिकवतो. हसला की त्याचे डोळे पूर्ण मिटतात. मला आवडला. त्याची आईही चांगली आहे. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मुलगी गोड आहे. लग्नापर्यंत थोडी कमी झाली की फोटो छान येतील." इतक्या मायेने म्हणाली की राग धरायलाही जागा ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आईने भाताचं पातेलं बदललं. आता लहान पातेल्यात भात शिजतो, तोही बाबांपुरता. मला सकाळी दुधीचा रस, दुपारी काकडी, आणि रात्री माशाचं कालवण वाटीत घालून चमच्याने प्यायचं. भाताशिवाय कालवण, आत्ये! काय पाप केलंय मी?

पोस्टात दिवसभर लोकांची पार्सलं काट्यावर ठेवते. एखादं जड भरलं तर कुणी पार्सलाला नावं ठेवत नाही. उलट जपून उचलतात.

एक विचारायचं आहे. माझ्या नावाने तू कसला तरी नवस बोलली आहेस आणि तो लग्नाआधी फेडायचाय, एवढंच आईच्या तोंडून निसटलं. पुढे विचारलं की ती विषय बदलते. काय आहे तो नवस?

तुझी,
सानू


हेदवीजवळून
३ डिसेंबर २०२४

माझ्या सानू बाय,

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, "भाचीचं हाय, बायनू." मी म्हटलं, मोठ्याने वाचू नको म्हणजे झालं.

नवस गुळाचा आहे. ऐक.

तू वेळेआधी जन्मलीस, रत्नागिरीला. काचेच्या पेटीत ठेवली होती तुला. मी बघायला आले तर पेटीत आधी दुपटंच दिसलं, तू नंतर दिसलीस. घरी आणल्यावर तुझी आई तुला घेऊन इथे माझ्याकडे राहिली. तेव्हा मी वाडीच्या अंगणवाडीत होते. दर महिन्याला पोरांना झोळीत घालून काट्याला टांगायची आणि कार्डावर टिंब काढायची. टिंब वर सरकलं की त्या पोराच्या आईला शाबासकी, खाली घसरलं की मला जेवण गोड लागायचं नाही. तुझं टिंब कार्डावरच्या सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली होतं. वहिनी, म्हणजे तुझी आई, कार्ड बघायलासुद्धा घाबरायची.

एका मंगळवारी तुला पदरात गुंडाळून गावदेवीच्या देवळात गेले आणि म्हटलं, "आई, या पोरीला इतकी जड कर की मला उचलवू नये. लग्नाआधी तुझ्या दारात तिला पारड्यात बसवीन आणि तिच्या भाराचा गूळ वाडीत वाटीन."

देवीने ऐकलं. इतकं मनावर घेतलं की दीड वर्षाची असताना तालुक्याच्या सुदृढ बालक स्पर्धेत तुझा पहिला नंबर आला. बक्षिसाचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे, त्यात मी मेथी ठेवते. त्या दिवशी सगळा तालुका तुझ्या दंडाच्या वळ्या मोजत होता. जो तो म्हणे, इकडे द्या, इकडे द्या. तुला जमिनीवर पायच टेकू देत नव्हते.

आणि मला विचारशील तर माझ्या वेळी सगळं उलटं होतं. मी काटकुळी. बघायला पाहुणे येणार म्हटलं की माझी आई पातळाखाली दोन परकर नेसवायची, भरलेली दिसावी म्हणून. मे महिन्यात दोन परकर! एका पाहुणीने माझं मनगट बोटांत धरून बघितलं आणि विचारलं, "घरात खायला घालत नाय काय हिला?" आईने त्या दिवसापासून डिंकाचे लाडू सुरू केले. मी ते मागच्या पडवीत नेऊन रघूला द्यायची. तुझा बाप आज असा आहे तो माझ्या लाडवांनी. माझं लग्न काही जमलं नाही, पण रघूची पाठ चांगली रुंद झाली.

आता मात्र मी तुमच्या काळात शोभले असते. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. परवा यमुनाबाई म्हणाली, "बारीक झालात, तरण्या दिसता." या वयात कुणी तरणी म्हटलं, मी तिला चहा पाजूनच पाठवली.

तर माघात ये. तराजू अजून देवळातच आहे.

तुझी,
दमयंती आत्या


रत्नागिरी
१२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्ये,

तू हे पत्र हसत हसत लिहिलंस, मी ते पोस्टाच्या मागच्या खोलीत बसून रडत वाचलं.

म्हणजे सगळ्या वाडीसमोर, आईबाबांसमोर, अजिंक्यच्या घरच्यांसमोर मी तराजूत बसायचं? आणि एकेक ढेप चढत जाणार, आणि सगळे बघणार की अजून किती चढते? आत्ये, ज्या गोष्टीसाठी मी गेला महिनाभर काकडी खातेय तीच गोष्ट तू घंटा वाजवून दाखवणार.

तुझ्या आठवणीतली सानू वेगळी आहे. माझ्या आठवणीतली सांगू? मे महिन्यात तुझ्याकडे यायचो तेव्हा देवळाच्या वाटेवरचा पऱ्या ओलांडताना बाबा मला खांद्यावर घ्यायचे. पाणी घोट्याएवढंच असायचं, पण घ्यायचेच. पाचवीत होते त्या वर्षी मी हात वर केले आणि बाबा हसून म्हणाले, "आता नाय गो उचलवत, चाल तू." सगळे हसले. मीही हसले. चपला हातात घेऊन पाण्यातून चालत गेले. त्यानंतर मला कुणी उचललेलं नाही. मी कुणापुढे हात वर केलेच नाहीत.

आई म्हणते, गूळ टेम्पोने पाठवू, माझं वजन इथेच घरच्या काट्यावर करू. भागोजी गुरवांना कौल लावायला सांग. देवीला चालत असेल तर तुझी काय हरकत?

सानू


हेदवीजवळून
२३ डिसेंबर २०२४

सानू बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला रडवलं याचं वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

कौल लावला. वहिनीची इच्छा देवीला जशीच्या तशी सांगितली, शब्द बदलला नाही. भागोजीने देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. बराच वेळ काहीच पडेना. मग डावं पडलं. भागोजी म्हणाला, "आई म्हनते, पोर माज्या दारात आन."

पण देवीचं एक आणि तुझं एक. तुला नकोच असेल तर मी तिची समजूत काढीन. आमचं जुनं आहे. मी म्हणेन, पोरगी लाजते, तू सांभाळून घे. ती रागावली तर माझ्यावर रागावेल.

फक्त एवढं लक्षात ठेव. तू पारड्यात बसलीस म्हणून मला तुझं वजन कळणार नाही. मला ते तेव्हापासून ठाऊक आहे जेव्हा ते एका हाताच्या तळव्यावर मावत होतं. प्रत्येक छटाकासाठी मी नि वहिनी जागलोय. तुम्ही आज जे कमी करायला बघता ते आम्ही मागून घेतलंय.

रघूने पऱ्यावर असं म्हटलं हे मला ठाऊक नव्हतं. त्याला भेटेन तेव्हा बोलेन.

यायचं ठरवलंस तर एक आकडा कळव. गूळ गुहागरहून मागवायचा, तर किती सांगू? मी कुणाला दाखवणार नाही.

आत्या


रत्नागिरी
९ जानेवारी २०२५

प्रिय आत्ये,

येते.

का ते नीट सांगता येत नाही. परवा काउंटरवर उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले. शेजारच्या नम्रताने चहा दिला, वर म्हणाली, "पण फरक दिसतोय हं तुझ्यात, असंच चालू ठेव." तेव्हा का कोण जाणे, तुझं छटाकाचं वाक्य आठवलं.

अजिंक्यला नवसाचं सांगितलं. त्याला इतकं आवडलं की तो आईलाही घेऊन येतोय. मी नको म्हणू शकले नाही. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिला वाटतं मी घराण्याची शोभा करायला निघालेय.

आकडा: बासष्ट. वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

तू मात्र भाग्यवान आहेस. आपल्या सगळ्या खानदानात एक तूच बारीक राहिलीस.

सानू


हेदवीजवळून
१८ जानेवारी २०२५

सानू बाय,

बासष्ट पोचले. पत्र चुलीत घातलं, चहा उकळला.

बासष्टच सांगितला, वर दोन किलो प्रसादाला. माघी पौर्णिमेआधीचा मंगळवार धरलाय. भागोजीने तराजू घासून ठेवलाय. पूर्वी आपल्या वाडीचा काजू त्याच्यावर जोखायचे, त्यामुळे तो माणसाला घाबरत नाही. सकाळी पोटभर जेवून ये. उपाशी पोटी देवीच्या दारात आलेलं तिला खपत नाही.

अंगावर पातळ चांगलं नेस. परकर एकच पुरे.

माझी काळजी नको. जेवण नेहमीसारखंच जातं, जरा जास्तच. चालताना थोडी धाप लागते, ते वयाचं.

आत्या


रत्नागिरी
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्ये,

मंगळवारी तू तिथेच होतीस. पण तू समोरच्या पारड्यात होतीस, आणि माझ्या पारड्यातून काय दिसलं ते तुला कुठून कळणार? म्हणून लिहितेय.

फळीवर मांडी घालून बसले तेव्हा साखळ्या कुरकुरल्या. मी डोळे मिटून घेतले. समोर ढेपा ठेवल्याचा आवाज येत होता, धप्, धप्. मग आवाज थांबला. मला वाटलं, झालं. डोळे उघडले तर मी जमिनीलाच होते आणि गूळ संपला होता.

भागोजीकाका म्हणाले, "आजून हाय काय गूळ?" एक पोर खुदकन हसलं, त्याच्या आईने त्याला चापटी मारली. आई खाली बघत होती. अजिंक्यच्या आईने चष्मा काढून पुसायला घेतला. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण धरणीला तर मी आधीच टेकलेली होते.

बासष्ट खोटं होतं, आत्ये. एक्क्याऐंशी होतं. बासष्ट हा आईने डायरीत लिहिलेला, मी लग्नापर्यंत गाठायचा आकडा. मी तोच लिहिला. तुलाही खरं सांगवलं नाही.

आणि मग तू चपला काढल्यास, पदर खोचलास आणि गुळावर चढून बसलीस. भागोजीकाका ओरडले, "बायनू, ह्या काय करताव?" तू म्हणालीस, "नवस कुणी बोललान? मी. मग कमी पडलं ते मीच भरणार."

आणि मी वर गेले.

दचकून मी दोन्ही साखळ्या धरल्या. फळी जमिनीपासून सुटली होती. पारडं हलत होतं, तू खाली गुळावर बसून तोंडाला पदर लावून हसत होतीस, आणि मग सगळंच देऊळ हसायला लागलं. मला हसत नव्हते. मी त्यांच्या हसण्यात होते. पाचवीनंतर पहिल्यांदा मला कुणीतरी उचललं, आणि ते तू.

पुढचं तुला ठाऊक आहे. हौसाकाकू पळत घरी गेली आणि गुळाचा डबा घेऊन आली. मग एकेक जणी गेल्या. कुणी वाटीत, कुणी कागदात, यमुनाबाईंनी तर चहासाठी फोडून ठेवलेले खडे आणले. सगळं तुझ्या पारड्यात पडत गेलं. शेवटी आई उठली. तिने पिशवीतून गुळाची पूर्ण ढेप काढली. घरूनच आणली होती तिने. माझं वजन तिलाही ठाऊक होतं ना. अजिंक्यने मी वर गेले तेव्हाचा फोटो काढलाय, तोंड उघडं, केस विस्कटलेले. त्याची आई गाडीत म्हणाली, "मला पाठव तो."

पण पत्र याच्यासाठी नाही. काटा बरोबर करायला तुला उतरवायचं होतं तेव्हा बाबांनी तुला काखेत धरून उचललं. एका हाताने, आत्ये. दुसऱ्या हातात ते साखळी धरून होते. घरी आल्यावर म्हणाले, "ताईत काय वजनच नाय राहिलं गो."

आणि मी मूर्ख तुला भाग्यवान लिहून बसले. डॉक्टरकडे गेलीस का? खरं सांग. आता आकडे लपवायची पाळी तुझी नाही.

सानू


हेदवीजवळून
२६ फेब्रुवारी २०२५

सानू बाय,

आधी बासष्टचं. मला ते पत्र वाचतानाच कळलं होतं. दिवाळीला रघूने तुमचा सगळ्यांचा फोटो पाठवला होता. पोरं टांगण्यात माझा जन्म गेला, मला फसवतेस? पण तू कष्टाने एक आकडा लिहिलास. मी जास्त गूळ सांगितला असता तर तुला कळलं असतं की मी विश्वास ठेवला नाही. म्हणून बासष्टच सांगितला. कमी पडलं तर मी आहेच, असं मनाशी धरून आले होते. पण तू एकदम एवढी वर जाशील हे मला नव्हतं वाटलं. घाबरलीस का गो?

आता माझं. तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी रघू गाडी घेऊन आला आणि मला गुहागरला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं. थायरॉइड वाढलंय, गोळ्या दिल्यात, बरं होणारं आहे. काट्यावर एक्केचाळीस भरले. डॉक्टरीणबाई रागावल्या, "एवढ्या झपाट्याने वजन उतरलं, इतके महिने काय करत होतात?" मी म्हटलं, "लोक छान दिसता म्हणत होते."

मलाच हसू आलं नंतर. दुसऱ्यांच्या पोरांचं टिंब जरा खाली आलं तर मी घर गाठायची. माझं एवढं खाली आलं, आणि एका चहावर भुलले.

परतताना रघूने पऱ्यापाशी गाडी थांबवली. आता तिथे पूल आहे. मी त्याला तुझं सांगितलं. तो तुला काही बोलणार नाही, त्याला येत नाही. पण तू माफ कर. त्या वर्षी त्याची पाठ धरली होती, ते तुम्हा कुणाला सांगितलंनच नाही.

तुझा गूळ सगळ्या घरांत गेला. अजून वाडीत चहा गोड लागतो.

आत्या


रत्नागिरी
१० मार्च २०२५

प्रिय आत्ये,

बाबांनी भाताचं जुनं पातेलं माळ्यावरून स्वतः काढलं. आई बघत राहिली आणि मग तिनेच तांदूळ धुतले. लग्नाचे ब्लाउज शिवायला टाकलेत, माझ्या आजच्या मापाचे. शिंपी म्हणाला, "लग्नापर्यंत कमी होणार असाल तर आत शिवण ठेवतो." आई म्हणाली, "काही नको."

काल रविवारी तुला न सांगता अजिंक्यबरोबर तुझ्या गावी येऊन गेले. तू दुपारची झोपली होतीस, उठवलं नाही. देवळात गेलो. भागोजीकाका साक्षीला आहेत.

देवीला सांगितलंय, "आई, माझ्या आत्येला इतकी जड कर की मला उचलवू नये. तुझ्या दारात तिला पारड्यात बसवीन आणि तिच्या भाराचा गूळ वाडीत वाटीन." तुझेच शब्द आहेत, मी फक्त नाव बदललं.

आता लाडू आले की ते तूच खायचे. बाबांना द्यायचे नाहीत.

तुझी,
सानू


पोस्टकार्ड
सौ. सानिका, देवरूख
१६ जून २०२५

सानू बाय, संसार सुखाचा चाललाय हे रघूकडून कळलं. तुझ्या सासूने तराजूतला फोटो दारासमोरच लावलाय, तेही कळलं. इथे सगळं ठीक. गोळ्या वेळेवर घेते, सकाळी पेज तुपासकट. लग्नाला आलेल्या लाडवांचा डबा मी एकटीने संपवला. बांगड्या आता मनगटावर थांबतात. परवा अंगणवाडीत गेले, नव्या बाईंनी काट्यावर उभं केलं. चव्वेचाळीस. त्यांनी माझ्या नावाचं टिंब काढून दाखवलं, वर सरकलंय. तू गूळ आत्ताच घेऊन ठेवू नकोस, पावसात पाझरेल, मुंग्या लागतील. तराजू मात्र तुळईवरून काढू नको असं मी भागोजीला सांगून ठेवलंय. आत्या.